दिल्लीच्या धुक्यातील एक दिवस

आमच्या माळव्यातील थंडी ही पाहुणी असते. रात्री उशिरा येते, पहाटे अंगणात थोडी रेंगाळते आणि नऊच्या उन्हाबरोबर निरोप घेते. दिल्लीची थंडी मात्र घरमालकीण आहे. ती माघात दाराशी खुर्ची टाकून बसते व येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेते. जानेवारीत तेथील किमान तापमानाची सरासरी सात अंशांच्या आसपास असते. १९३५ सालच्या १६ जानेवारीस तर पारा शून्याच्याही खाली गेल्याची नोंद आहे. परंतु खरा छळ पाऱ्याचा नव्हे, सूर्याच्या गैरहजेरीचा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असते, वारा पडलेला असतो, खाली गार हवा व तिच्यावर उबदार हवेचे झाकण अशी उलटी मांडणी होते, आणि मग यमुनेकाठचा ओलावा व शहराचा धूर त्या झाकणाखाली कोंडून राहतात. किमान तापमान दहा अंशांच्या आत असून दिवसाचे कमाल तापमान नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी खाली राहिले, की त्यास हवामानखाते ‘शीत दिवस’ म्हणते. शब्द अगदी सौम्य आहे. ज्याने असा दिवस मोजे घालून, मफलर गुंडाळून व तरीही दात वाजवीत काढला असेल, त्याला तो अपुरा वाटेल.

गेल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असाच एक दिवस आम्ही तिघांनी दिल्लीत काढला. तिघे म्हणजे आम्ही उभयता आणि आमची आई. सहल हा आमच्या जाण्याचा हेतू नव्हता. आईला काचबिंदू आहे. हा रोग दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातील दाब वाढत जातो, दृष्टीच्या कडा एकेक करून पुसल्या जातात, आणि माणसास कळते तेव्हा बरेचसे गेलेले असते. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली राखता येते, एवढेच वैद्यकाच्या हाती आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची आशा सोडली होती. उजव्याबद्दल ते “दिल्लीस एकदा दाखवून घ्या” असे म्हणाले. बुधवारी दिल्लीच्या एका मोठ्या रुग्णालयात दिवसभर तपासण्या झाल्या आणि शुक्रवारी या, असे आम्हांस सांगण्यात आले. मधला गुरुवार रिकामा होता.

तो दिवस खोलीत पांघरुणे ओढून काढावा, असा आमचा विचार. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. बाहेर दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. परंतु पहाटे सहालाच ती स्वेटर, शाल, कानटोपी असा सगळा जामानिमा करून खाटेवर बसलेली.

“खोलीत बसून माझे डोळे सुधारणार आहेत का?” ती म्हणाली. “चौऱ्याहत्तर वर्षांत दिल्ली पाहिली नाही. आज दाखव.”

‘आज’ या शब्दावर तिने जोर दिला होता किंवा नव्हता. आम्हांला तो ऐकू आला.

मेट्रो ही दिल्लीला २००२ सालापासून लाभलेली मोठीच सोय आहे. म्हाताऱ्या माणसास उठून जागा देणारी तरुण मुले तीत अजून भेटतात, ही गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. जामा मशिदीच्या स्थानकावर उतरून वर आलो, तो समोर मशीदच नव्हती. धुके होते. शाहजहानने १६५६ साली पुरी करविलेली ती प्रचंड वास्तू हाकेच्या अंतरावर असून तिचा एक मिनारही दिसेना. लाल पायऱ्यांची खालची रांग तेवढी दिसत होती, आणि त्यावर अंगाची जुडी करून बसलेली कबुतरे.

“तुम्हांला काही दिसते आहे का?” आईने विचारले.

“पायऱ्या दिसताहेत,” सौ. म्हणाली.

“मग मलाही तेवढेच दिसते आहे,” आई म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. गेल्या वर्षभरात प्रथमच तिच्याइतकेच आम्हांलाही दिसत नव्हते!

पहिला मुक्काम निहारीचा. निहारी म्हणजे रात्रभर मंद आंचेवर शिजविलेले मटण. अरबीतील ‘नहार’, म्हणजे दिवस, या शब्दावरून ते नाव आले आहे आणि जुन्या दिल्लीत ती न्याहारीलाच खावयाची असते. मशिदीच्या दक्षिणेकडील गल्ल्यांत तिची दुकाने आहेत. १९१३ सालापासून चालत आलेले करीमही तेथेच आहे. आईने आत शिरण्यापूर्वी आज शुक्रवार नाही ना, हे विचारून घेतले, आणि मग निर्धास्त होऊन बाकावर बसली. भांडे समोर येताच तिने ते दोन्ही हातांत धरले. खाण्यापूर्वी बराच वेळ ती नुसती हात शेकीत होती. रस्सा दाट, वर तुपाचा तवंग, सोबत आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची, लिंबाची फोड आणि तंदुरातून निघालेली खमिरी रोटी. मांस बोटांनी दाबताच सुटे होत होते. आमच्या इंदुरास खाण्याचा अभिमान फार. सकाळचे पोहे आणि रात्रीचा सराफा याखेरीज जगात खाण्याजोगे काही आहे हे इंदूरकर सहसा कबूल करीत नाही. पण जे अन्न शिजविण्यास एक सबंध रात्र लागते, त्यापुढे आमच्या पोह्यांनी मान तुकवावी, हे आम्ही येथे लिहून ठेवतो.

तेथून दरिबा कलाँमधून चांदणी चौकाकडे चालत निघालो. किनारी बाजाराच्या तोंडाशी एक माणूस काठ्यांच्या तिवईवर मोठे थाळे ठेवून उभा होता. थाळ्यावर पिवळसर फेसाचा डोंगर व त्यावर पातळ फडके. हीच ‘दौलत की चाट’. नाव चाट असले तरी तीत तिखटमिठाचा लवलेश नाही. आटविलेले दूध व साय रात्री उघड्यावर, दवात ठेवायची. पहाटे ती रवीने घुसळायची. वर येणारा फेस अलगद काढून साठवायचा. त्यावर केशराचे पाणी, खवा, बुरा साखर आणि पिस्त्याचे काप. थंडी आहे तोवरच हा फेस उभा राहतो. ऊन तापले की तो बसतो, आणि होळीच्या सुमारास हा विक्रेता दिल्लीतून नाहीसा होतो. लखनौत व काशीत हाच पदार्थ दुसऱ्या नावांनी मिळतो. ज्या थंडीने आमची बोटे बधिर केली होती, तिचेच हे देणे.

आईने चमचा तोंडात घातला आणि थबकली. “अरे, आहे कुठे? तोंडात गेले आणि गेलेच!” तिने दुसरा चमचा घेतला, डोळे मिटून घेतला. मग विक्रेत्याला तिने हिंदीत सविस्तर प्रश्न विचारले: दूध गाईचे की म्हशीचे, भांडे पितळेचे की मातीचे, दव पडले नाही तर काय करता. तो बिचारा गिऱ्हाइके सोडून उत्तरे देत राहिला. तिची उलटतपासणी संपेपर्यंत आमचे दोन द्रोण झाले होते.

चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ साली नव्याने बांधून दिवसा मोटारींना बंद करण्यात आला, त्यामुळे तो वृद्धांना चालण्याजोगा झाला आहे. एका दगडी बाकावर विसावा घेत आम्ही लाल किल्ल्यापाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. धुके जमिनीवरून हातभर उचलले होते, इतकेच.

मराठी माणसाने लाल किल्ल्यात जावे ते थोड्या अवघडलेल्या मनाने. दिवाण-इ-खासच्या संगमरवरी खांबांवरील फुलांची नक्षी पाहून झाली की नजर वर जाते, आणि वरचे छत मूळचे नाही हे आठवते. मूळ छत चांदीचे होते. १७३९ साली नादिरशहाने मयूरासन नेले, त्याबद्दल आपण त्याला लुटारू म्हणतो. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी त्याच दालनाच्या छताची चांदी उतरवून फौजेच्या पगारासाठी नाणी पाडली, त्याला आपण अडचण म्हणतो. पाच महिन्यांनी पानिपत झाले. ती नाणी कोणाच्या कनवटीला गेली असतील, कोण जाणे. आम्ही हे आईला सांगत होतो, आणि तिला ते पटत नव्हते. पोटाला अन्न नसलेल्या शिपायाला छताचे काय कौतुक, हा तिचा मुद्दा. तो अगदीच टाकाऊ नाही.

इतक्यात शेजारच्या एका घोळक्याला वाटाड्या हिंदीतून माहिती देऊ लागला. शाह आलम बादशहाचे प्रकरण त्याने काढले होते. १७८८ साली गुलाम कादिर नावाच्या रोहिल्याने हा किल्ला बळकावला, खजिना सापडेना म्हणून वृद्ध बादशहाचा छळ केला आणि अखेर त्याचे डोळे काढविले. महादजी शिंद्यांच्या फौजेने पुढे दोन महिन्यांत दिल्ली सोडविली, गुलाम कादिरला पकडून ठार केले आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले.

सौ.ने आमच्याकडे पाहिले. आम्ही आईचा हात धरून पुढे निघण्याची घाई केली. पण ती खांबासमोर उभीच राहिली.

“मग?” तिने विचारले. “नंतर किती वर्षे जगला तो?”

“१८०६ साली वारला.”

तिने मनातल्या मनात वजाबाकी केली. “अठरा वर्षे. आणि कारभार?”

कारभार शिंद्यांच्या माणसांच्या हाती होता. १८०३ साली पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने त्यांचा पराभव केला, तेव्हापासून तो इंग्रजांकडे गेला. दरबार मात्र अखेरपर्यंत भरत असे. बादशहा स्वतः कवी होता, आणि डोळे गेल्यावरही त्याने कविता केल्या.

“म्हणजे माणसे त्याच्याकडे येत असत तर,” आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने शाल सावरली. “चल. पाय गारठले.”

आम्ही तिला डाव्या डोळ्याविषयी स्पष्ट शब्दांत काही सांगितले नव्हते. उजव्याविषयी तर नाहीच. त्या खांबासमोर आम्हांस समजले की सांगण्याजोगे काही उरलेच नव्हते. तिने सर्व हिशेब केव्हाच मांडून ठेवला होता आणि ती फक्त त्यातला शेवटचा आकडा पडताळीत होती.

दुपारचे जेवण आम्ही गोल डाकखान्याजवळच्या बंगलासाहिब गुरुद्वारात घेतले. ही जागा पूर्वी मिर्झाराजे जयसिंगांचा बंगला होती. तेच मिर्झाराजे, ज्यांच्याशी शिवाजीमहाराजांना १६६५ साली पुरंदरचा तह करावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी शिखांचे आठवे गुरू हरकृष्ण येथे उतरले होते. तेव्हा शहरात देवी व पटकी यांची साथ चालली होती; वयाची आठ वर्षेही न भरलेल्या त्या बालगुरूने रोग्यांची सेवा केली आणि १६६४ सालीच देह ठेवला. साथीतल्या लोकांना येथील विहिरीचे पाणी दिले, अशी श्रद्धा आहे, आणि भाविक आजही येथील पाणी तीर्थ म्हणून नेतात.

जोडे बाहेर ठेवून, डोकी झाकून त्या संगमरवरी अंगणात पाऊल टाकले, तेव्हा थंडी म्हणजे काय ते तळव्यांना कळले. पायवाटेवर सतरंज्या घातल्या होत्या; त्यांवरून आम्ही अक्षरशः उड्या मारीत गेलो. लंगराच्या दालनात मात्र निराळाच ऋतू होता. शेकडो माणसे एका पंगतीत, ताटात डाळ, भाजी, रोटी व खीर. कोण कोठला, हे कोणी विचारीत नाही. रोटी घेताना दोन्ही हात पुढे करावयाचे, ही तेथील रीत. आमच्या एका बाजूस एक सायकलरिक्षावाला बसला होता, दुसऱ्या बाजूस परदेशी तरुण. तिघांचीही नाके थंडीने सारखीच लाल झाली होती.

जेवण झाल्यावर आईने विचारले, या रोट्या कोठे करतात? स्वयंपाकघर पाहण्यास व तेथे हात लावण्यास कोणासही मोकळीक असते. आत गेलो, तो उबेची एक लाटच अंगावर आली. मोठमोठ्या कढया उकळत होत्या, आणि लांबलचक तव्यांपाशी स्त्रिया ओळीने बसून रोट्या लाटीत होत्या. एका वृद्ध शीख बाईने काही न बोलता सरकून जागा केली. आई बसली. तिच्या हाती लाटणे आले.

घरी गेले सहा महिने आम्ही तिला स्वयंपाकघरात फिरकू देत नव्हतो. भाजेल, कापेल, सांडेल, ही भीती. येथे तिने पिठाचा गोळा उचलला, बोटांनी त्याची कड चाचपली आणि लाटू लागली. ती खाली पाहतही नव्हती. मान शेजारणीकडे, तोंड बोलण्यात, आणि हातांखालून गोल, सारख्या जाडीच्या रोट्या एकामागून एक निघताहेत. शेजारीण पंजाबीत बोले, ही माळवी वळणाच्या हिंदीत. दोघींचे उत्तम चालले होते. सौ. बाजूला उभी राहून पाहत होती. तिने पदराने डोळे पुसले व “धूर आहे,” असे सांगितले. तेथे धूर नव्हता. पाऊण तासाने आम्हीच आईला उठविले.

गुरुद्वाराला लागूनच हेन्री मेड या स्थपतीने आखलेले पवित्र हृदयाचे कॅथेड्रल आहे. तेथे दहा मिनिटे टेकलो. आईने संत लुसीची प्रार्थना केली असावी. आम्ही विचारले नाही. डोळ्यांचे दुखणे त्या संतेकडे नेण्याची आपल्या लोकांची रीत जुनी आहे.

शुक्रवारी काय झाले, ते वाचकांस ताटकळत न ठेवता येथेच सांगून टाकतो. डावा डोळा गेला तो गेला. उजव्यात जेवढी दृष्टी आहे तेवढी राखता येईल, असे डॉक्टरांचे मत पडले. मात्र थेंब एक दिवसही चुकता कामा नयेत आणि दर तीन महिन्यांनी दाब तपासला पाहिजे. किती वर्षे, हे त्यांनी सांगितले नाही. आईनेही विचारले नाही. तूप खाल्ले तर चालेल का, एवढेच तिने विचारून घेतले.

गुरुवारच्या चार वाजता आम्ही मेहरौलीस कुतुबमिनारापाशी होतो. येथे फार वेळ घालविला नाही. मिनार साडेबहात्तर मीटर उंच आहे, असे फलक सांगतो. आम्हांस खालचे तीन मजले दिसले, पुढे तो राखी आभाळात विरघळून गेला होता. आतील जिना १९८१ सालच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेपासून बंद आहे. जवळच गुप्तकाळातील लोहस्तंभ आहे, सोळाशे वर्षे उघड्यावर राहून न गंजलेला. आईची त्याला हात लावून पाहण्याची फार इच्छा होती, पण १९९७ साली त्याला कठडा घालण्यात आला आहे. पूर्वी त्याला पाठ टेकवून मागून हातांची मिठी जुळते का पाहत. माणसांच्या घासण्याने लोखंड झिजू लागले, म्हणून ही व्यवस्था. योग्यच आहे. तरी एखाद्या बाजूने बोटभर जागा ठेवावयास हरकत नव्हती.

“कुतुबाचे टोक कसे आहे?” परत फिरताना आईने विचारले.

“आज कोणालाच दिसत नाही, आई.”

“कोणालाच नाही ना? मग ठीक.”

संध्याकाळी कॅनॉट प्लेसच्या पांढऱ्या खांबांच्या वर्तुळाकार ओवरीत आलो तेव्हा दिवे लागले होते आणि प्रत्येक दिव्याभोवती धुक्याचे कडे धरले होते. कोपऱ्यावर पहारेकऱ्यांनी खोक्यांच्या फळ्या पेटवून शेकोटी केली होती. तिच्याशेजारी रताळेवाला. निखाऱ्यांवर भाजलेली रताळी सोलून, त्यांचे काप करून, वर काळे मीठ, मसाला व लिंबू, आणि कमरखाचे तारेच्या आकाराचे आंबट काप. दिवसभर महत्त्वाचे पदार्थ खाऊन झाल्यावर हे साधे रताळे सर्वांत अधिक रुचले, असे आमच्या तिघांचेही एकमत झाले. कदाचित ते शेकोटीजवळ उभे राहून खाल्ल्यामुळे असेल. पहारेकऱ्याने आपली खुर्ची आईला दिली.

महूहून मावशीचा फोन आला. आईने दिवसाचा वृत्तान्त सुरू केला, आणि आम्ही ऐकत राहिलो. दव खाल्लेल्या दुधाचा फेस झाला, चांदीचे छत झाले (त्यात भाऊसाहेबांची बाजू तिने चांगलीच लावून धरली), शंभर रोट्या लाटल्याचे झाले. शंभर नव्हत्या, पण कोणी मोजल्या होत्या? आंधळ्या बादशहाचेही तिने सांगितले. “अगं, अठरा वर्षे,” एवढेच.

आठ वाजले. रात्रीच्या थेंबांची वेळ झाली. सौ.ने पिशवीतून बाटली काढली, ती बर्फासारखी गार लागली, म्हणून मुठीत धरून शेकोटीपुढे हात केले. आई खुर्चीच्या पाठीवर मान टाकून, कानटोपी थोडी मागे सारून, डोळे उघडे ठेवून वाट पाहत राहिली.